मालवण मुलखांतील साकव

भरतगड व भगवंतगड हे दोन किल्ले पाहण्याच्या निमित्तानें आम्ही मालवण तालुक्यांतील मसुरें गांवीं गेलों होतों. सह्याद्रींत उगम पावलेली गडनदी कणकवलीवरून येऊन येथें कालावल खाडीच्या रूपानें समुद्रास मिळते. खाडीच्या दक्षिणेस सावंतांचा भरतगड व उत्तरेस, त्यास शह म्हणून बावडेकरांनीं उभारलेला भगवंतगड. हे दोन्ही किल्ले इ. स. १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेले. त्यांचा वृत्तांत पूर्वी अनेकांनीं दिला असल्यानें येथें त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. वाटेंत एका व्हाळावर जें पाहिलें, त्याविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत.

त्या व्हाळावर सिमेंटचा एक अरुंद पूल आहे. त्यावरून पायीं माणूस व सायकलस्वार एवढेच सुखानें जाऊं शकतात. पुलाच्या लगत, पाण्याच्या कडेस, जांभ्या चिऱ्यांचा एक ढासळलेला ओटा दिसला. जुना साकव याच ओट्यावर टेकलेला असे, असें वाडींतील एका वृद्ध गृहस्थांनीं सांगितलें. पोफळीचीं वा माडाचीं खोडें शेजारीं शेजारीं टाकावयाचीं, तीं काथ्यानें बांधावयाचीं, खालीं मेढींचा आधार द्यावयाचा व हातास धरावयास चिव्याची काठी लावावयाची, ही त्याची रीत. पावसाळ्यांत हूर आला म्हणजे साकव वाहून जाई आणि वाडीचे लोक तो पुन्हा घालीत. सायकल असलेला मनुष्य ती खांद्यावर घेऊन साकव उतरे. आतां ती चालवीत नेतो. चाकाच्या वाहनासाठीं ही रचना मुळीं नव्हतीच. डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाच्या पावलांपुरतीच तिची रुंदी.

आतां शब्दाकडे वळूं. साकव किंवा सांकव हा शब्द ग्राम्य व अलीकडचा असावा, असा आमचाही प्रथम ग्रह होता. तो चुकीचा ठरला. ग्राम शब्दाचें गांव व नाम शब्दाचें नांव ज्या नियमानें झालें, त्याच नियमानें संस्कृत 'संक्रम' शब्दाचें प्राकृतांत संकम व पुढें सांकव झालें. कौटिलीय अर्थशास्त्रांत दुर्गविधानाच्या प्रकरणीं खंदकावरील पुलास संक्रम म्हटलें आहे. सेतु हा शब्द त्या ग्रंथांत बहुधा बांधबंधाऱ्यांस लाविलेला आढळतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत संक्रम मोडणारास पांचशें पण दंड सांगून मोडलेली वस्तु दुरुस्त करून देण्याची आज्ञा आहे. आणि टीकाकार कुल्लूकभट्ट संक्रम म्हणजे पाण्यावरून जाण्यासाठीं घातलेलें लांकूड, शिळा इत्यादि असा अर्थ देतो. म्हणजे व्हाळावरचीं हीं दोन खोडें धर्मशास्त्रानें ज्या वस्तूचें रक्षण केलें तिचीच वंशज होत. गोमंतकांतील कोंकणी भाषेंत पुलास आजही सांकव म्हणतात. आणि महाराष्ट्र शासनाच्या कोंकणांतील कामांतही साकव हाच शब्द चालतो. पूल हा शब्द फारसी असून तो घाटावर रुजला. किनाऱ्यावर जुना शब्द टिकला.

येथें एक आक्षेप संभवतो. समोरासमोर दोन किल्ले असतां खाडीवर पूल कां झाला नाहीं? पूल बांधण्याची विद्याच आपल्याकडे नव्हती काय? हा तर्क टिकत नाहीं. प्रतापगडाच्या पायथ्याचा पार गांवचा दगडी पूल शिवकालीन म्हणून प्रसिद्ध आहे. पुण्याचा लकडी पूल पेशवाईंत, इ. स. १७६१ च्या सुमारास झाला. आणि शेजारीं पोर्तुगीजांनीं पणजी व रायबंदर यांमधील लांब बांधपूल सतराव्या शतकांतच घातला होता. कालावल खाडीची गोष्ट निराळी. तेथें भरती-ओहोटीचें रुंद पाणी, त्यांतून गलबतांची ये-जा, आणि दोन्ही तीरांवर परस्परांचे प्रतिस्पर्धी. उभय पक्षांस पूल हा सोयीपेक्षां धोकाच अधिक वाटला असणार, असें आमचें नम्र मत आहे. म्हणून मोठ्या पाण्यावर तर आणि लहान पाण्यावर साकव अशी वांटणी झाली. तरीची परंपराही तितकीच जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत नहपानाचा जांवई उषवदात यानें तापी, दमण, डाहाणुका इत्यादि नद्यांवर लोकांस विनामूल्य नावा ठेविल्याचें नमूद आहे.

तरीसंबंधीं लेख कोरले गेले; साकवासंबंधीं कोणी कोरले नाहींत, कारण तो राजाचा धर्म नसून वाडीचें काम होतें. म्हणूनच त्याचा इतिहास शिलांवर न शोधतां गांवच्या कागदांत शोधला पाहिजे. सिमेंटच्या पुलानें लोकांची सोय झाली, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. पावसाळ्यांत मुलें शाळेस जातात व आजारी माणूस वैद्याकडे पोंचतो, हें जुन्या ओट्याहून थोर आहे. परंतु ओटे ढासळत आहेत, खोडें केव्हांच कुजलीं, आणि साकव कसा घालीत हें सांगणारीं माणसें थोडीं उरलीं आहेत.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, दप्तरें चाळतांना केवळ सनदा व राजपत्रेंच वेगळीं काढूं नयेत. खोत-कुळकर्ण्यांचे हिशेब, शिवेचे तंटे, तारी लोकांचीं इनामें, वाडीच्या वेठीचे कागद यांत साकव, सांकव किंवा तर असा शब्द दिसल्यास त्याची नक्कल करून ठेवावी. दोन ओळींची अशी नोंद क्षुल्लक वाटेल. पण ज्या वाटेनें लोक प्रत्यक्ष चालले, तिचा पुरावा तेवढ्यांतच सांपडावयाचा आहे.