लोझर : हार्ट्‌सच्या चांदीची जाडजूड नाणी

लोझर म्हणजे जाडजूड थालर, चांदीची मोठी नाणी. जर्मनीतील ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलचा ड्यूक युलियुस याने १५७४मध्ये ते प्रथम पाडले. हार्ट्‌स पर्वतातल्या त्याच्या खाणींतून चांदी भरपूर निघे. ती अडीनडीसाठी प्रजेच्या घरीच साठून राहावी, हा त्याचा हेतू. म्हणून ज्याने-त्याने ऐपतीप्रमाणे लोझर विकत घ्यावा, अशी सक्ती होती. तो बाजारात खर्चायचा नाही, फार तर गहाण ठेवायचा. हुकमाने करायला लावलेली ही बचत विलक्षणच म्हणायची!

पुढे सतराव्या शतकात त्या घराण्याच्या इतर शाखांनीही लोझर पाडले. एकाच ठशातून कमी-अधिक जाडीची नाणी निघत, त्यामुळे पुष्कळदा किती थालरचे हे सांगणारा आकडा वेगळा ठोकलेला असतो.

संग्राहकाने आधी तो आकडा पाहावा, मग वजन करावे. त्या काळचा एक थालर (राइखस्थालर) सुमारे २९ ग्रॅमचा. म्हणजे चार थालरचा लोझर ११६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. कडेवर डाग दिल्याची खूण दिसली, तर नाण्याला कधीतरी कडी लावून ते दागिन्यासारखे वापरलेले असते. असे नाणे अस्सल असले तरी त्याची किंमत बरीच उतरते.