वर्णबोध: वय की लिपी?

पीटर आयमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली दाखवून दिले की, एक व चार महिन्यांच्या अर्भकांनाही ‘ब’ आणि ‘प’ यांसारख्या ध्वनींतील फरक जाणवतो. परंतु ध्वनिभेद जाणवणे निराळे आणि शब्द सुट्या वर्णांचा बनला आहे हे उमजणे निराळे. या दुसऱ्या जाणिवेस येथे ‘वर्णबोध’ म्हटले आहे. ती कोठून येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रारंभी हिचे मूळ वयात शोधले गेले. ब्रिटनमध्ये ब्रूस यांनी १९६४ साली मुलांना शब्दातील एक ध्वनी गाळून उरलेला शब्द सांगावयास लावले. ज्यांचे मानसिक वय सात वर्षांहून कमी होते, त्यांना ते सहसा साधले नाही. अमेरिकेत इझाबेल लिबरमन प्रभृतींच्या १९७४ च्या प्रयोगात मुलांनी मेजावर ठोके देऊन शब्दाचे घटक मोजावयाचे होते. चार वर्षांच्या जवळजवळ निम्म्या मुलांना उच्चारखंड मोजता आले. सुटे वर्ण मात्र एकासही नाहीत. पहिलीतील शेकडा ७० मुलांनी वर्णही मोजले. पण पहिलीत मूल केवळ वयानेच वाढत नाही, तर वाचावयासही शिकते. मग श्रेय कोणाचे?

या प्रश्नाचा उलगडा प्रौढांच्या अभ्यासाने झाला. होझे मोराइश व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७९ साली असे आढळले की, पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दारंभीचा वर्ण गाळणे वा जोडणे बहुधा जमत नाही. प्रौढपणी साक्षर झालेल्यांना ते जमते. चीनमध्ये १९८६ साली हाच भेद केवळ चिनी चिन्हे जाणणारे आणि रोमन लिपीतील ‘पिनयिन’ही शिकलेले यांच्यात दिसून आला. म्हणजे केवळ वय पुरेसे नाही, आणि केवळ साक्षरताही नाही. लिपी कोणत्या प्रकारची आहे, यास महत्त्व आहे. अर्थात हा संबंध एकमार्गी नव्हे. यमक व समान आरंभ ओळखण्याची शाळापूर्व क्षमता पुढील वाचनास साहाय्यक ठरते, असे ब्रॅडली व ब्रायंट यांनी १९८३ साली दाखविले.

आपल्या दृष्टीने येथेच खरा प्रश्न उद्भवतो. देवनागरीतील ‘क’ मध्ये ‘अ’ सामावलेला असतो. मात्रा वेगळी दिसली तरी व्यंजन सहसा एकटे लिहिले जात नाही. अशाच प्रकारच्या कन्नड लिपीत शिकणाऱ्या मुलांत वर्णबोध सावकाश येतो, असे सोनाली नाग यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसते. तेव्हा ‘काका’ या शब्दाचे दोनच भाग पाडून थांबणारे मराठी मूल कानाने वा बुद्धीने उणे ठरत नाही. ते आपल्या लिपीने घालून दिलेल्या सीमेवर थांबते. इंग्रजी मुलांसाठी रचलेली कसोटी त्यास जशीच्या तशी लावणे म्हणजे लिपीचा गुणधर्म मुलाच्या माथी दोष म्हणून मारणे होय.