उघड्या गाडीवरची कमान

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे निघालं की वाटेत फॅब्रिकेशनची दुकानं लागतात. त्यांतल्या एखाद्यापुढे जुनी जीप उभी दिसतेच. हूड उतरवलेलं, रंग नवा, आणि सीटच्या मागे चकाकणाऱ्या पाईपची एक कमान. कमानीवर चार गोल लाईट. वरातीत नवरदेव आणि प्रचारात उमेदवार तिलाच धरून उभे राहतात. मालक तिला रोल बार म्हणतो. जवळ जाऊन पाहिलं तर पाईप बहुधा सोळा गेजचा, म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड. वळणावर तो आतल्या अंगाने चेपलेला असतो आणि खाली बॉडीच्या पत्र्यालाच दोन बोल्टांवर आवळलेला. जीप खरोखर उलटली तर तो पत्रा फाडून पाईप मोकळा होईल. हा पाईप ज्या घराण्याचं नाव लावतो, ते घराणं मात्र फार कडक शिस्तीचं आहे.

मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा जवळपास सगळ्याच गाड्या उघड्या होत्या आणि चालकांची एक ठाम समजूत होती : गाडी उलटली तर बाहेर फेकलं जाणं बरं. आगीत अडकण्यापेक्षा गवतात पडलेलं परवडलं. म्हणून पट्टा नको, आणि डोक्यावर कमान असण्याचा तर प्रश्नच नव्हता. या समजुतीने किती माणसं खाल्ली याचा हिशेब कोणी ठेवला नाही, पण तिला वेड्यांचा बाजार म्हणणंही अन्यायाचं होईल. पेट्रोलच्या टाक्या फुटत होत्या, गाड्या पेटत होत्या. त्या काळात तो हिशेब अगदीच चुकीचा वाटत नसणार.

फॉर्म्युला वनमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं ते १९५२ मध्ये. चालकाच्या मागे कमान हवीच, हा नियम आला १९६१ मध्ये. सुरुवातीच्या कमानी कित्येकदा चालकाच्या डोक्याहून बुटक्या असत. नियमाची पूर्तता झाली, डोकं मात्र उघडंच! तेव्हा कमान हेल्मेटच्या वर ५ सेंटीमीटर हवी, अशी दुरुस्ती पुढे करावी लागली. आणि खांद्यांवरून येणारा पक्का पट्टा सक्तीचा व्हायला १९७२ उजाडलं. म्हणजे मधली अकरा वर्षं कमान होती, पण माणसाला तिच्याखाली धरून ठेवणारं काही सक्तीचं नव्हतं. गाडी उलटली की कमान जागेवर आणि माणूस भलतीकडे.

कमान आणि पट्टा ही जोडी आहे, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. पट्टा आहे पण कमान नाही, तर तुम्ही गाडीखाली बांधलेले सापडता. कमान आहे पण पट्टा नाही, तर तीच कमान तुमच्या डोक्यात बसते. याचा उत्तम पुरावा कोल्हापुरात मिळतो. तिथल्या मोहित्यांच्या ट्रॅकवर ज्या शर्यतीच्या गो-कार्ट धावतात, तशा कार्टना कमान नसते आणि पट्टाही नसतो. पाहणाऱ्याला तो निष्काळजीपणा वाटतो. तर्क मात्र चोख आहे : कमान देता येत नसेल तर माणसाला बांधूही नका.

शर्यतीतली ही शिस्त हौशी लोकांपर्यंत आली ती ट्रॅक डेच्या वाटेने. स्वतःची रोजची गाडी घेऊन बंद ट्रॅकवर जायचं, प्रशिक्षकाला शेजारी बसवून चार फेऱ्या मारायच्या, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. छप्पर असलेल्या गाडीची तपासणी लवकर आटोपते. उघड्या छपराच्या गाडीशी आयोजक घासाघीस करतात, आणि करावीच. कापडी छप्पर लावून घेतलं म्हणून काही मिळत नाही, कारण कापड वजन पेलत नाही. अमेरिकेतल्या हौशी क्लबांची एक जुनी चाचणी आहे, तिला साहित्य लागतं ते घरातल्या केरसुणीच्या लांब दांड्याएवढंच. चालकाने हेल्मेट घालून, पट्टा आवळून बसायचं. दांडा कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेवर टेकवायचा. हेल्मेट दांड्याला लागलं तर गाडी परत. पुष्कळ क्लब त्यावर दोन इंचांची मोकळीक मागतात. उंच माणसांचं इथे फार अडतं. कित्येकांनी सीट खाली बसवून घेतली आहे, काहींनी गाडीच बदलली आहे.

तपासनीस दुसरी गोष्ट विचारतो ती सीटमागच्या शोभेच्या कड्यांबद्दल. अनेक स्पोर्ट्स गाड्यांना डोक्यामागे गोल कडी येतात. ती दिसायला कमानीसारखी, पण कित्येकदा आत नुसतं प्लास्टिक असतं. हौशी गाड्यांच्या जगात हा नांदेड-लातूरच्या जीपचा सख्खा भाऊ म्हणायचा. कंपन्यांनी प्रामाणिक कमानीही दिल्या आहेत. पोर्शने १९६५ मध्ये टार्गा दाखवली. अमेरिका उघड्या गाड्यांवर बंदी घालेल ही धास्ती तेव्हा होती, म्हणून मधोमध पोलादाची रुंद पट्टी ठेवून फक्त वरचा तुकडा काढता येईल अशी ती गाडी. बंदी शेवटी आलीच नाही. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये कमान सीटमागे झोपलेली असायची आणि गाडी कलंडते आहे असं कळताच ०.३ सेकंदात उभी राहायची.

पण या घराण्याची थोरली पाती ट्रॅकवर नाही, शेतात आहे. लातूर जिल्ह्यात गळिताच्या हंगामात मांजरा कारखान्याच्या रस्त्याला उभं राहिलं की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. ट्रॉली काळ्या मातीत रुतली, मागची चाकं अडकली आणि चालकाने क्लच झटक्यात सोडला, तर इंजिनाची ताकद कुठेतरी जाणारच. चाक फिरत नाही म्हटल्यावर ती ट्रॅक्टरचं तोंड वर उचलते. साखळी मागच्या आसापेक्षा उंच अडकवली असेल तर आणखी लवकर. पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परतण्याच्या पलीकडे जातो, दीड सेकंदात चालकावर उलटा पडतो. ‘उडी मारू’ म्हणायलाही तेवढा वेळ लागतो. शर्यतवाल्यांची ‘फेकलं जाणं बरं’ आणि आपली ‘उडी मारू’ एकाच आईची लेकरं.

स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली, फॉर्म्युला वनच्या दोन वर्षं आधी. तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे नावापुरते उरले. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९६६ मध्ये अशी कमान बाजारात आणली आणि पेटंट इतर कंपन्यांना खुलं केलं. धंद्यात असा मोठेपणा विरळा. ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या ट्रॅक्टरवर पगारी चालक बसवायचा तर तिथे कमान आणि पट्टा दोन्ही सक्तीचे झाले. बागेत फांद्या आड येतात म्हणून घडीची कमानही आली, आणि तिच्यासोबत नियम आला : कमान खाली पाडलीत तर पट्टाही सोडा. कोल्हापूरच्या कार्टचंच गणित.

आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टरवर दिसते ती छत्री किंवा पत्र्याचं छत. उन्हापावसाला ते ठीक. पण नव्या माणसाला ते छत पाहून डोक्यावर काहीतरी आहे असा भरवसा वाटतो, आणि हा खोटा भरवसा मला रिकाम्या डोक्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. त्याच छताचे पाय बहुतेक वेळा मडगार्डवर उभे असतात.

जीपच्या वंशात मात्र सुधारणा झाली. मुंबईत १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात करणाऱ्या महिंद्रांनी ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आणली. नाशिकला बनणाऱ्या या गाडीला तेव्हा कापडी छपराचा पर्याय होता, आणि आत रोल केज, म्हणजे कमानींचा पिंजरा, कारखान्यातूनच बसवलेला आला. तिला ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले. ते तारे धडकेचे. उलटण्याची परीक्षा त्यात नव्हती.

मग दुकानातली कमान खरी करायची तर काय लागतं? शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीला सिमलेस नळी लागते, ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाड. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे घडी पडता कामा नये. प्रत्येक पायाखाली १२० चौरस सेंटीमीटरची ३ मिलिमीटर जाड पट्टी आणि कमीत कमी तीन आठ मिलिमीटरचे बोल्ट. डोकं लागू शकेल तिथे कठीण फोम. वेल्डिंगवाल्याला यातलं काहीच अवघड नाही. त्याच्याकडे ते मागितलं जात नाही एवढंच. शिवाय आरटीओ आहेच. आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय.

या नियमांची चव आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांना बाहाच्या निमित्ताने मिळते. २००७ मध्ये पिथमपूरला सुरू झालेल्या या स्पर्धेत मुलं स्वतः उघडी बग्गी बांधतात. पाईपचं पोलाद किमान ०.१८ टक्के कार्बनचं, हेल्मेट आणि पाईप यांत १५२ मिलिमीटर अंतर, बाकी शरीराला ७६, आणि पट्टा सोडून पाच सेकंदांत बाहेर. तपासनीस कागदावर विश्वास ठेवत नाहीत. पाईपला छोटं भोक पाडून जाडी मोजली जाते, आणि ती कमी भरली तर वर्षभर खपून बांधलेली गाडी चिखलात उतरायच्या आधीच बाहेर.