भुलाबाईच्या गाण्यातली सासू

मुलांची गाणी उचलून मोठ्यांनी त्यांची गंमत करायची, ही खोड जुनी आहे. जेन टेलर या इंग्रज कवयित्रीने १८०६ साली लुकलुकणाऱ्या ताऱ्यावर एक बालकविता लिहिली. पुढे १८६५ साली लुईस कॅरॉलच्या ‘अ‍ॅलिस’मधल्या टोपीवाल्याने ताऱ्याच्या जागी वटवाघूळ बसवले आणि त्याला चहाच्या तबकाची उपमा दिली. १९५१ साली ओपी दांपत्याने इंग्रजी बालगीतांचा कोश प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसले, की यातली बरीचशी गाणी मुळात मुलांसाठी रचलेलीच नव्हती.

आपल्याकडे काय आहे? मी जऊळक्याची. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचे हे गाव, वाशीम जिल्ह्यातले. आमच्या वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेला भुलोजी-भुलाबाईच्या मूर्ती मांडतात. कोजागिरीपर्यंत मुली घरोघर टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात लपवलेला खाऊ ओळखायचा असतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला भोंडला किंवा हादगा म्हणतात, त्याचीच ही बहीण.

आम्ही ही गाणी खाऊवर नजर ठेवून म्हणत असू. पण त्यांत आहे काय ते पाहा. सुनेला माहेरी जायचे आहे. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी लाव. मग वेल वर येऊ दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, त्याची भाजी कर, खा, मग जा. एवढे सगळे झाले की सासू सासऱ्याकडे बोट दाखवते, सासरा दिराकडे. या सासूला आपण सारे ओळखतो. आज ती कचेरीच्या खिडकीमागे बसलेली असते आणि “साहेबांची सही आणा” म्हणते.

सहा-सात वर्षांच्या मुलींच्या तोंडी हे गाणे कसे आले? उत्तर आपल्या सामाजिक इतिहासात आहे. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली झाला. त्याआधी आठ-दहा वर्षांची मुलगी बोहल्यावर उभी राहणे ही सर्रास गोष्ट होती, आणि कायद्यानंतरही ती लगेच थांबली नाही. म्हणजे गाणारी पोर हीच सूनही होती. खेळणे आणि सासुरवास एकाच वयात आले होते. जे उघड बोलले तर मार मिळाला असता, ते टिपरीच्या ठेक्यावर हसत म्हणता येत होते. हसण्याची ती मुभा वर्षातून एकदा मिळे. लग्नाचे वय वाढले, मुली शाळेत गेल्या आणि हेच गाणे निव्वळ ‘बालगीत’ उरले.

छापील विडंबनाची वाट निराळी. १९२५ साली केशवकुमारांचा, म्हणजे आचार्य अत्र्यांचा ‘झेंडूची फुले’ हा संग्रह आला आणि त्यांनी कवींच्या लकबींना चिमटे काढले. गंमत अशी, की याच अत्र्यांनी मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ही सिद्ध केली. विडंबनाला आधी पाठांतर लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पुढे रामदास फुटाण्यांनी ‘भारत कधी कधी माझा देश आहे’ म्हटले, तेव्हा सभागृहात हशा पिकला, कारण प्रत्येकाने शाळेत रांगेत उभे राहून ती प्रतिज्ञा म्हटली होती. त्या हशात थोडी बोचही होती.

आता महिला मंडळांत भुलाबाई बसते. चाळिशी-पन्नाशीच्या बाया जुन्या चालीवर गॅसची टाकी, मोबाईल, सुनेची नोकरी असे नवे शब्द बसवतात. काही जाणत्यांना यात परंपरेचा अपमान दिसतो. मला तसे वाटत नाही. ही गाणी कधीच कुलुपात नव्हती. प्रत्येक पिढीने आपापली सासू त्यांत घातली. उलट, मोठ्यांचे दुःख हसत सांगणे हे त्यांचे मूळचे कामच त्या पुन्हा करू लागल्या आहेत.

काळजी दुसरीच आहे. ज्या मुलीला मूळ गाणे येत नाही, तिला नव्या गाण्याचे हसू कसे येणार? म्हणून येत्या भाद्रपदात नवे शब्द जरूर जोडा, पण आधी घरातल्या आजीला कारल्याच्या वेलाचे गाणे म्हणायला सांगा. आणि ती कुठे थांबते, कुठे हसते, तेही नीट पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)