तळटीप : विंडो मॅनेजर

* युनिक्सच्या वळणाच्या प्रणालींत पडद्यावरच्या खिडक्या मांडणे, हलवणे, त्यांना चौकट व शीर्षकपट्टी देणे हे काम एका वेगळ्या प्रोग्रामकडे असते. तो विंडो मॅनेजर. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमने हे काम मुद्दामच स्वतःकडे ठेवले नाही. म्हणून तो निवडता येतो, बदलता येतो आणि हौस असेल तर लिहिताही येतो. लेखकाची पसंती डीडब्ल्यूएमला (२००६). कोड दोन हजार ओळींच्या आत ठेवायचा, सेटिंग बदलायचे तर सी भाषेतली फाइल बदलून पुन्हा कंपाइल करायचे, ही त्याची शिस्त शिकणाऱ्याला खरोखरच उपयोगी आहे. पण मराठी वाचकाने एक पाहावे. डीडब्ल्यूएम अक्षरे थेट एक्सएफटी या लायब्ररीकडून काढून घेतो; जोडाक्षरे जुळवणारा टप्पा मध्ये नाहीच. परिणामी पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसण्याऐवजी नंतर दिसते. आयथ्री हा दुसरा विंडो मॅनेजर पॅंगो ही लायब्ररी वापरतो, तिथे ही अडचण येत नाही. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने (पुढे सी-डॅकमध्ये विलीन) ‘इंडिक्स’ प्रकल्पात हाच प्रश्न मुळाशी जाऊन हाताळला होता: लिपीची जुळणी एक्सच्याच आत करायची, म्हणजे जुने प्रोग्रामही न बदलता देवनागरी दाखवतील. अंधेरीच्या शेजारी झालेल्या या कामाचा अंधेरीकर लेखकाने उल्लेखही करू नये, हे खटकते. प्रत्यक्षात रूढ झाला तो दुसरा मार्ग, जुळणी एक्सच्या बाहेर करण्याचा. आज ही जुळणी पॅंगो आणि हार्फबझ या लायब्ररी करतात. — संपादक