तीनशे एकर आणि एक खड्डा

पिपल्याहान्याच्या बाजूने जाताना कृषी महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडे अजूनही मोकळी शेते दिसतात. चहूकडून इमारतींनी वेढलेल्या शहरात एवढी काळी जमीन उघडी कशी राहिली, याचे बाहेरून आलेल्यांना नवल वाटते. आम्हा जुन्या इंदूरकरांना ते वाटत नाही. जे लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे त्याची विचारपूस करण्याची आपल्याला सवय नसते. मी स्वतः शेतीशी निगडित अशा सरकारी नोकरीत तीन तपे काढली. पण या जमिनीचे नाव जगातल्या शेतीच्या इतिहासात कोरले गेले आहे, हे मला निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली तेव्हा कळले. त्या अज्ञानाची थोडी भरपाई म्हणून हा लेख.

१९०५ साली आल्बर्ट हॉवर्ड नावाचा तरुण इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत रुजू झाला. तो शेतकऱ्याचा मुलगा होता आणि केंब्रिजचा पदवीधर. त्याची पत्नी गॅब्रिएल ही त्याच्याच तोडीची संशोधक होती. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाण काढले व त्यांचा मोठा प्रसार झाला. परंतु पुसा येथील कामाची विभागणी हॉवर्डना मानवेना. रोग एका विभागाकडे, कीड दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. अखंड पीक कोणीच पाहत नव्हते. (सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे दुखणे निराळे समजावून सांगावे लागत नाही.) शेजारच्या गावातील शेतकरी औषधे न फवारता निरोगी पिके कशी काढतात, हे पाहून त्या शेतकऱ्यांनाच त्यांनी आपले गुरू मानले.

मनासारखी संस्था त्यांना मिळाली ती इंदुरास. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचे अनुदान, मध्य भारतातील संस्थानांच्या वर्गण्या आणि होळकर दरबाराने नाममात्र खंडाने दिलेली सुमारे ३०० एकर जमीन, एवढ्या भांडवलावर १९२४ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. गादीवर तेव्हा तिसरे तुकोजीराव होते. या शेतातून कोणाला नफा मिळवायचा नव्हता. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस अधिक कसा पिकेल, हे शोधून शेतकऱ्याला सांगणे एवढाच हेतू होता. हॉवर्डनी मात्र कापसाआधी मातीला हात घातला. पावसाळ्यात पाणी तुंबून काळी जमीन गुदमरते, म्हणून आधी चर आणि बांधबंदिस्ती. शेतमजुरांना वेळेवर मजुरी, राहण्यास नीट घरे आणि दिवसाचे काम सहा तासांचे. १९२० च्या दशकात संस्थानी मुलखात ही गोष्ट लहान नव्हती.

यानंतर प्रश्न आला खताचा. शेण गोवऱ्या थापण्यात जाई, गोमूत्र गोठ्यात मुरून वाया जाई आणि कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत जात. जमिनीतून काढलेले जमिनीला परत मिळत नव्हते. उकिरडा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. चीनमधील शेतकऱ्यांच्या खतपद्धतीवर फ्रँकलिन किंग यांनी लिहिलेला १९११ सालचा ग्रंथही हॉवर्डपुढे होता. या दोन्हींना मोजमाप व शिस्त देणे हे इंदूरचे काम. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोल केवळ २ फूट, म्हणजे तळापर्यंत हवा पोचावी. टणक पऱ्हाट्या आधी शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली आपोआप चिरडल्या जातात. मग त्या, तण, पाचट आणि तुरीच्या तुराट्या बैलांखाली अंथरायच्या. गोठ्याची मूत्र प्यालेली माती दर तीन-चार महिन्यांनी खणून काढायची आणि नवी भरायची. या साऱ्यांचे थर, त्यांवर शेणकाला, लाकडाची राख व आधीच्या खड्ड्यातील थोडे खत विरजणासारखे. तीनदा चाळायचे, ओल राखायची. नव्वद दिवसांत पऱ्हाटीचा मागमूस न राहता काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत हाती येई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचत. विकत आणायचे असे यात काहीच नव्हते, आणि गरीब कास्तकाराच्या दृष्टीने सारे इंगित तिथेच होते.

थर रचणे कोणालाही जमेल. परंतु त्या थरांत आत काय घडते, उष्णता किती चढते, नत्र किती राहते व किती उडते, हे तपासल्याशिवाय पद्धतीला शास्त्र म्हणता येत नाही. ही रासायनिक बाजू सांभाळली यशवंत वाड यांनी. वाड हे आडनाव मराठी वाचकांना पेशव्यांच्या रोजनिशीतील उताऱ्यांमुळे परिचित आहे. १९३१ साली ऑक्सफर्डने छापलेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर’ या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे आहेत : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. साहेबाने हाताखालच्या देशी सहकाऱ्याचे नाव आपल्या शेजारी छापावे, हे त्या काळात विरळाच. तरीही जगाने एकच नाव लक्षात ठेवले, आणि आपण इंदूरकरांनी तर दोन्ही विसरली.

गॅब्रिएल हॉवर्ड १९३० साली वारल्या. पुढल्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. पद्धत मात्र ‘इंदूर प्रोसेस’ याच नावाने केनियातील कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोचली. हॉवर्ड गेले म्हणून इथले काम थांबले नाही. नवे संचालक जॅक्सन आणि वाड यांनी १९३४ साली गावातील मैला व केरकचरा याच रीतीने खतात कसा बदलावा यावर पुस्तिका काढली. २०१७ पासून ओळीने स्वच्छतेत देशात पहिले येणाऱ्या आणि २०२२ पासून ओल्या कचऱ्यावर मोठा गॅस प्रकल्प चालवणाऱ्या आपल्या शहराने ती पुस्तिका एकदा चाळायला हवी. १९३५ च्या एप्रिलात हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून गांधीजी येथे आले, तेव्हा ते हे खड्डे पाहून गेले आणि पुढे ‘हरिजन’मध्ये त्यांनी या खताविषयी लिहिले.

१९४० साली हॉवर्ड यांचा ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ प्रसिद्ध झाला. तो वाचून अमेरिकेतील जे. आय. रोडेल या प्रकाशकाने पेनसिल्व्हेनियात शेत घेतले, १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले आणि १९४७ साली ना-नफा तत्त्वावर एक प्रतिष्ठान स्थापले. तेच आजचे रोडेल इन्स्टिट्यूट. १९७१ साली त्याच्या मुलाने कुट्झटाउन येथे ३३३ एकरांचे शेत घेतले. तेथे १९८१ पासून सेंद्रिय व रासायनिक शेतीची तुलना एकाच जमिनीवर शेजारीशेजारी चालू आहे. इंग्लंडमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या ‘सॉइल असोसिएशन’चे मूळही हॉवर्ड यांच्या विचारांतच आहे. निरोगी मातीतल्या पिकाला रोगच होत नाही, हे हॉवर्ड यांचे म्हणणे अनेक शास्त्रज्ञांना अतिरेकी वाटले, आणि मलाही ते सरसकट पटत नाही. मातीविषयीचे त्यांचे निदान मात्र खोटे ठरलेले नाही.

आपल्याकडे याच काळात वारे उलटे वाहिले. १९६० च्या दशकात देशाला धान्य हवे होते. त्या वेळी युरियाची कास धरणाऱ्यांना आज घरी बसून दोष देणे सोपे आहे. मी तो देत नाही. पण मी नोकरीत लागलो तेव्हा आमच्या तक्त्यात रासायनिक खताच्या उद्दिष्टाला रकाना होता, कंपोस्टला नव्हता, हेही खरे. एका गावी एका म्हाताऱ्या पाटलांनी मला आपला खड्डा दाखवून विचारले होते, “साहेब, याची नोंद कुठं करणार?” मी हसून वेळ मारून नेली. आज प्रमाणित सेंद्रिय क्षेत्रात मध्य प्रदेश देशात आघाडीवर गणला जातो. ते पाटील हयात असते तर त्यांना ही बातमी द्यायला गेलो असतो.

राहता राहिली ती जमीन. संस्थेचे पुढे कृषी महाविद्यालय झाले. ते आता ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. भोवती शहर वाढले तसा या जमिनीचा भाव वाढला. २०२२ साली येथे शहरी वन करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. झाडे लावण्यास कोण नाही म्हणेल? परंतु कचेरी हलवता येते, तशी शेताची शंभर वर्षांची नोंद हलवता येत नाही. कुट्झटाउनच्या प्रयोगाचे मोल आहे तेच मुळी चाळीसहून अधिक वर्षे तेच शेत, तीच माती तपासली गेली म्हणून. इंदूरच्या मातीला त्याच्या दुपटीहून अधिक वर्षे झाली आहेत. होळकर दरबाराने ती दिली होती ती संशोधनासाठी. कागदावर प्रयोजन बदलायला एक ओळ पुरते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

१९३१ चा ग्रंथ आणि १९३४ ची पुस्तिका, दोन्हींच्या प्रती आपल्या सभेच्या ग्रंथालयात असाव्यात, अशी विनंती मी कार्यवाहांना लेखी केली आहे. कोणा सभासदाच्या घरी वाडांसंबंधी कागदपत्र, छायाचित्र किंवा नुसती ऐकीव आठवण असल्यास त्यांनी ती सभेकडे अवश्य पाठवावी.