भूपेन हजारिका : गाण्यांच्या सावलीत राहिलेला असमिया दिग्दर्शक

भूपेन हजारिका (८ सप्टेंबर १९२६ – ५ नोव्हेंबर २०११) हे नाव मराठी रसिकाला प्रामुख्याने 'रुदाली'च्या संगीतामुळे परिचित आहे. गायक, कवी, संगीतकार ही त्यांची ओळख इतकी ठसठशीत आहे, की त्यांनी सुमारे तीन दशके चित्रपटांचे दिग्दर्शन केले, याचा बहुतेकांना विसर पडतो. १९९२ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला; आदल्या वर्षीचे मानकरी भालजी पेंढारकर होते. 'शकुंतला', 'प्रतिध्वनी' आणि 'लटीघटी' या त्यांच्या तीन चित्रपटांना असमिया भाषेतील सर्वोत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रपती पदकाने गौरविण्यात आले होते.

आसामच्या पूर्व टोकाला असलेल्या सदिया येथे त्यांचा जन्म झाला. बालपणीच तेजपूर येथे त्यांना ज्योतिप्रसाद आगरवाला आणि विष्णुप्रसाद राभा यांचा सहवास मिळाला. जर्मनीत चित्रपटकलेची ओळख करून घेतलेल्या ज्योतिप्रसादांनी चहाच्या मळ्यात तात्पुरता स्टुडिओ उभारून १९३५ मध्ये 'जयमती' हा पहिला असमिया बोलपट पडद्यावर आणला. त्यांच्याच 'इंद्रमालती' (१९३९) या दुसऱ्या चित्रपटात कुमारवयीन भूपेन यांचा आवाज आणि चेहरा प्रेक्षकांसमोर आला. बाजारपेठ नाही, यंत्रसामग्री नाही, तरीही आपल्या भाषेत चित्रपट काढायचाच, ही जिद्द त्यांनी अशी फार लवकर पाहिली.

गुवाहाटीच्या कॉटन महाविद्यालयातील शिक्षणानंतर १९४२ मध्ये ते वाराणसीस आले. बनारस हिंदू विश्वविद्यालयात सर्वपल्ली राधाकृष्णन कुलगुरू असतानाचा तो काळ. येथूनच त्यांनी १९४४ मध्ये बी.ए. आणि १९४६ मध्ये राज्यशास्त्रात एम.ए. ही पदवी संपादन केली. विश्वविद्यालय शहराच्या दक्षिणेला, तर पंचगंगा घाटाजवळचा बालाजी घाट उत्तरेकडे. पेशव्यांशी नाव जोडलेल्या या घाटावरील बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ यांचे मामा अली बक्ष सनईवादनाची सेवा करीत आणि खाँसाहेबांनीही तेथेच वर्षानुवर्षे रियाज केला. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या लगतच्या मोहल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. खुद्द फाळके हेही आपल्याच कंपनीशी फारकत घेतल्यावर १९२० च्या सुमारास काशीस येऊन राहिले होते आणि 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी याच वास्तव्यात लिहिले. ज्यांच्या नावाचा पुरस्कार पुढे हजारिकांना मिळाला, त्यांचाही काशीशी असा संबंध होता.

चित्रपटाकडे हजारिका वळले ते मात्र नाट्यगृहाच्या किंवा स्टुडिओच्या दारातून नव्हे. १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९५२ मध्ये त्यांनी तेथे पीएच.डी. मिळवली. भारतातील प्रौढशिक्षणात दृक्‌श्राव्य माध्यमांचा उपयोग कसा करता येईल, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. निरक्षरांच्या देशात पडदा हाच फळा, ही धारणा त्यांच्या पुढील कामाच्या मुळाशी आहे. तेथेच त्यांचा पॉल रोबसन या कृष्णवर्णीय गायकाशी परिचय झाला. रोबसन यांच्या मिसिसिपी नदीवरील गीताच्या प्रेरणेने हजारिकांनी ब्रह्मपुत्रेला जाब विचारणारे असमिया गीत रचले. त्याच्या हिंदी रूपांतरात हाच प्रश्न गंगेला विचारला गेला.

'एरा बाटर सुर' (१९५६) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. नावाचा अर्थ 'सोडून आलेल्या वाटेचे सूर'. लोकसंगीताचा शोध हा या कथेचा गाभा असून त्यातील एक गीत लता मंगेशकर यांनी असमियात गायिले. त्यानंतर 'माहुत बंधु रे' (१९५८) हा बंगाली चित्रपट आणि 'शकुंतला' (१९६१) आला.

मात्र त्यांच्या चित्रपटांतील सर्वांत महत्त्वाचा म्हणावा असा 'प्रतिध्वनी' (१९६४) होय. १९६० मध्ये, म्हणजे भाषेच्या आधारावर महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी, आसाम भाषिक दंगलींनी होरपळत होता. असमिया ही राजभाषा करण्याच्या निर्णयाने बंगाली भाषकांबरोबरच डोंगराळ भागातील जमातीही दुखावल्या होत्या. हजारिका आणि बंगाली लोकगायक हेमांग विश्वास यांनी त्या वेळी कलापथक घेऊन दंगलग्रस्त भागांत दौरे केले. या पार्श्वभूमीवर, स्वतः असमिया भाषक असलेल्या दिग्दर्शकाने खासी जमातीतील माणिक रायतोंग याची दंतकथा पडद्यावर आणली. रात्री बासरी वाजवणारा एक अनाथ, त्या सुरांनी मोहित झालेली राणी आणि अखेरीस दोघांना कवेत घेणारी चिता अशी ती कथा आहे. खासी टेकड्या त्या वेळी आसामचाच भाग होत्या. १९७२ मध्ये मेघालय हे पूर्ण राज्य झाले. राजकारणाला ऐकू न आलेली डोंगरांची भाषा ऐकण्याचा प्रयत्न एका असमिया चित्रपटाने केला होता, ही नोंद आवर्जून करावी लागेल.

'लटीघटी' (१९६६) या विनोदी चित्रपटात त्यांनी चित्रपटव्यवसायाचीच थट्टा केली. 'चिकमिक बिजुली' (१९६९) आणि 'मन प्रजापती' (१९७९) हे त्यानंतरचे चित्रपट. दिग्दर्शक हजारिकांवर संगीतकार हजारिका अनेकदा मात करतात, हा आक्षेप निराधार नाही. गंमत म्हणजे संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो दुसऱ्या दिग्दर्शकाच्या, अब्दुल मजीद यांच्या 'चमेली मेमसाब' (१९७५) या चित्रपटासाठी.

१९६७ ते १९७२ या काळात ते नावबैचा मतदारसंघातून निवडून आलेले अपक्ष आमदार होते. गुवाहाटीत सरकारी मालकीचा स्टुडिओ उभा राहावा, यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. तोपर्यंत असमिया निर्मात्याला चित्रीकरणोत्तर कामांसाठी कोलकात्याची वाट धरावी लागे आणि मर्यादित प्रेक्षकसंख्येच्या भाषेला हा खर्च परवडणारा नव्हता.

'सिराज' (१९८८) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला अखेरचा कथापट. याच नावाचा हिंदू-मुस्लिम सौहार्दाचा चित्रपट विष्णुप्रसाद राभा आणि फणी शर्मा यांनी १९४८ मध्ये काढला होता. सहा वर्षांचे आसाम आंदोलन, त्यातील १९८३ चे नेल्ली हत्याकांड आणि १९८५ चा आसाम करार यांच्या पाठोपाठ हजारिकांनी तीच कथा पुन्हा सांगायला घेतली. चाळीस वर्षांपूर्वीची कथा तेव्हाही शिळी झालेली नव्हती.

उत्तरायुष्यात मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली. कल्पना लाजमी यांच्या 'एक पल', 'रुदाली', 'दमन' या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. 'रुदाली'तील लताबाईंच्या गाजलेल्या गीताची मूळ चाल त्यांनी १९६० च्या दशकात 'मणिराम देवान' या असमिया चित्रपटासाठी बांधली होती. मुंबईतच त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार गुवाहाटीत झाले, तेव्हा अलोट गर्दी लोटली होती. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. त्यांच्या जन्मगावाकडे नेणाऱ्या ९.१५ किलोमीटर लांबीच्या ढोला-सदिया पुलाला आणि गुवाहाटीच्या ज्योती चित्रबन परिसरातील सरकारी चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेला आज त्यांचे नाव आहे.